दुकातचा पुतळा

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या सहाव्या पर्वात गुल दुकात आपल्या मनातला सल बोलून दाखवतो. युद्ध ऐन भरात आहे, जय हाताशी आल्यासारखा वाटतो आहे, आणि अशा वेळी या कार्डेशियन सेनाधिकाऱ्याला आठवतं ते बजोर, त्याने एके काळी राज्य केलेला ग्रह. शत्रूला नुसतं मारण्यात खरा विजय नाही, असं तो म्हणतो. आपण विरोध केला तीच चूक झाली, हे शत्रूला पटलं पाहिजे, आपलं मोठेपण त्याच्या तोंडून वदवून घेता आलं पाहिजे. बजोरच्या लोकांना मी पोटच्या पोरांसारखं सांभाळलं; पण त्या ग्रहावर आजतागायत माझा एक तरी पुतळा आहे का?

समोरचा वेयून, कार्डेशियाच्या दोस्त साम्राज्याचा कारभारी, म्हणतो, नसावा.

हा भाग १९९७ सालचा. मी तो पाहिला पुष्कळ नंतर, टाळेबंदीत, रात्री सगळं घर झोपल्यावर, आणि त्या वाक्यापाशी थांबवून तशीच बसून राहिले. खलनायक बरेच पाहिले होते. कुणाला सोनं हवं असतं, कुणाला जमीन, कुणाला सूड. पण ज्यांना खाणींत राबवलं त्यांच्याकडून आभाराची अपेक्षा करणारा, आणि ते मिळाले नाहीत म्हणून मनापासून दुखावलेला माणूस पडद्यावर पाहिला नव्हता. वाचनात मात्र तो भेटला होता. आपल्या एकोणिसाव्या शतकात तो जागोजागी आहे.

परग्रहांवरच्या साम्राज्यांच्या गोष्टींत जिंकलेल्या लोकांच्या वाट्याला सहसा दोनच कामं येतात. एक तर मागच्या बाजूला मान खाली घालून चालायचं, नाहीतर बंड करायचं. साम्राज्याची जहाजं, गणवेश, सिंहासनं यांवर लेखकांनी कल्पनाशक्ती उधळलेली असते; जिंकलेले लोक सकाळी उठून काय करतात याचा विचार फारसा कुणी करत नाही. १९९३ ते १९९९ अशी सात पर्वं चाललेल्या या मालिकेने तो केला. म्हणूनच तिच्यातल्या कार्डेशियनांपेक्षा बजोरचे लोक मला जास्त जवळचे वाटतात.

बजोर हा जुन्या संस्कृतीचा ग्रह. देवळं, मठ, कलावंत, कवी. शेजारचं कार्डेशिया साधनसंपत्तीने गरीब आणि लष्कराने बलाढ्य. कार्डेशियनांनी बजोर ताब्यात घेतला तो जवळजवळ अर्धं शतक. श्रमछावण्या उभ्या केल्या, डोंगर पोखरले, आणि ग्रहाभोवती टेरॉक नॉर नावाचं अंतराळस्थानक बांधलं. खनिज शुद्ध करायचं काम तिथे चाले आणि ते करायला बजोरी मजूर असत. मालिका सुरू होते तेव्हा कार्डेशियन नुकतेच निघून गेलेत. जाताना त्यांनी स्थानक लुटून नेलंय. बजोरच्या हंगामी सरकारच्या विनंतीवरून फेडरेशन, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ, तिथे येतं आणि त्याला डीप स्पेस नाइन म्हणू लागतं. बेंजामिन सिस्को हा फेडरेशनचा कमांडर जिथे बसतो ती पूर्वी प्रीफेक्टची, म्हणजे बजोरवर नेमलेल्या कार्डेशियन राज्यकर्त्याची, दुकातची कचेरी होती. त्याच्या हाताखाली मेजर कीरा नेरीस आहे. वयात येण्याआधीच ती भूमिगत लढ्यात सामील झाली होती.

साम्राज्याला हात लागतात, हे उघड आहे. खनिज खणायला, वाहायला, गाळायला. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. प्रत्येक साम्राज्याने ते केलंय आणि प्रत्येक गोष्टीत ते दिसतं. त्या हातांवर देखरेख करायलाही जिंकलेल्यांमधलीच माणसं लागतात, आणि तिथून मालिका खोल जाऊ लागते.

दुसऱ्या पर्वापासून या माणसांच्या गोष्टी एकामागून एक येतात. औषधांचं दुकान चालवणारा एक बजोरी टेरॉक नॉरवर मारला गेलेला असतो. त्याच्या दुकानात कार्डेशियनांना मिळालेल्या लोकांच्या नावांची यादी दडवलेली होती, आणि त्याला मारणारी कीराच होती, हे कित्येक वर्षांनी उलगडतं. स्थानकावर पोलिसाचं काम करणारा ओडो बजोरी नव्हे, पण कार्डेशियनांनी नेमलेला. आपण फक्त न्याय केला, बाजू घेतली नाही, असं त्याला वाटत असतं. पुढे त्याला आठवतं की त्याच्या अमदानीत तीन निरपराध बजोरींना मृत्युदंड झाला होता.

या सगळ्यांत मला सर्वांत जड जाते ती काय ओपाकाची गोष्ट. काय म्हणजे बजोरच्या धर्माची सर्वोच्च गुरू. ओपाका साध्वी म्हणून पूजली जाते. केंद्रा खोऱ्यात लपलेल्या ४३ बंडखोरांचा ठावठिकाणा कुणीतरी कार्डेशियनांना कळवलेला असतो आणि ते सगळे मारले गेलेले असतात. मरणाऱ्यांत ओपाकाचा स्वतःचा मुलगा होता. कळवणारं कोण, याचा शोध घेता घेता कीरा ओपाकापाशीच पोचते. त्या ४३ जणांचा पत्ता लागला नसता तर कार्डेशियन आसपासच्या १,२०० लोकांना ठार करणार होते. ओपाकाने हिशेब केला आणि मुलगा दिला. तिचं नाव राहावं म्हणून बरायल हा धर्मगुरू दोष आपल्या अंगावर घेतो, काय होण्याची संधी सोडतो, आणि ते पद विन नावाच्या महत्त्वाकांक्षी बाईकडे जातं. साम्राज्य निघून गेलंय, तरी ग्रहाचा धर्मगुरू कोण व्हावा हे अजून त्याच्या जुन्या धमकीने ठरतंय. राज्यकर्ते गेल्यावरही त्यांनी घालून ठेवलेले पेच जिंकलेल्यांनाच सोडवत बसावे लागतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा हे मला त्या एका भागात स्वच्छ दिसलं.

माझे पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत साहेबांनी लिहून दिलेल्या शिफारशी जपून ठेवलेल्या होत्या: वर्तणूक चांगली, काम चोख, विश्वासू. प्रत्येक कागद मेणकापडात गुंडाळलेला. आजीने त्या मला लहानपणी दाखवल्या तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्या कागदांवर घरातली पोरं शिकली. मी त्या माणसाला गुन्हेगार मानत नाही. पण सारावसुलीची जी वही त्यांनी चोख ठेवली, तिच्यात दुष्काळाच्या सालांतलीही पानं असणार, हेही मला विसरता येत नाही. डीप स्पेस नाइन बघताना ती ट्रंक सारखी डोळ्यांपुढे येई.

आता दुकातकडे येते. पुतळ्याच्या बोलण्यानंतर थोड्याच भागांनी तो आणि सिस्को एका ओसाड ग्रहावर अडकतात. दुकातची मुलगी मारली गेली आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि तो सिस्कोपुढे आपल्या कारभाराचा ताळेबंद मांडतो. प्रीफेक्ट झाल्यावर पहिला हुकूम काय काढला? श्रमछावण्यांतलं ठरवून दिलेलं उत्पादन ५० टक्क्यांनी कमी केलं. मुलांना कामाला जुंपणं बंद केलं. औषधोपचार सुधारले, शिधा वाढवला. महिन्याभरात छावण्यांतले मृत्यू २० टक्क्यांनी घटले. आणि बजोरच्या लोकांनी काय केलं? गोदी उडवून दिली, दोनशेहून अधिक कार्डेशियन मारले. मग मी काय करायचं? दोनशे बजोरी धरून आणले आणि मारले. दोनशेला दोनशे. यात कसला दुष्टावा?

हे आकडे तो हात पसरून, अगदी कळवळून सांगतो, आणि सगळे खरे असतील असं मी धरून चालते. तरीही त्या ताळेबंदात एक रकाना कायम कोरा आहे. खनिज किती गेलं? पन्नास वर्षांत बजोरमधून बाहेर काय गेलं आणि आत काय आलं? दादाभाई नवरोजींनी आयुष्यभर हाच रकाना भरून दाखवला. इंग्रजांनी दिलेल्या रेल्वे, शाळा, शांतता यांची यादी ते नाकारत बसले नाहीत. तिच्या शेजारी इथून दरसाल विलायतेला वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब त्यांनी मांडला, आणि १९०१ साली तो ग्रंथरूपाने आला. दुकातला असा एक दादाभाई भेटायला हवा होता. सिस्को चांगला माणूस आहे, पण तो बाहेरचा. तो रागावतो, आकडे तपासत नाही.

आणि पुतळ्याचं म्हणाल, तर दुकातला हवा होता तसा पुतळा आपल्याकडे झाला होता. मुंबईत फोर्टात राणी व्हिक्टोरियाचा भव्य संगमरवरी पुतळा १८७२ साली उभा राहिला. तो दिला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. ज्या मराठा सरदारांची घोडी एके काळी अटकेपर्यंत गेली, त्यांच्यापैकी एका घराण्याने जिंकणाऱ्यांच्या राणीला दगडात बसवलं. तिच्या मुलाचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा घोड्यावरचा पुतळा आल्बर्ट ससून या व्यापाऱ्याच्या पैशातून १८७९ मध्ये आला, आणि त्या घोड्याच्या रंगावरून तो अख्खा भाग काळा घोडा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६५ साली स्वार आणि घोडा दोघांनाही भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात हलवलं गेलं. मी तो तिथे पाहिला आहे. शाळेची मुलं त्याच्यापुढे डबे खात होती.

खंडेरावांना मनातून राणीबद्दल काय वाटत होतं हे पुतळ्यावरून सांगता येणार नाही. संस्थान राखायचं असेल तर काही गोष्टी कराव्या लागतात. मुद्दा हा की साम्राज्याला पुतळा मिळतो. कर, सैनिक, कापूस मिळतोच. वरती हेही मिळतं, आणि साम्राज्य त्याचा उपयोग पुरावा म्हणून करतं: बघा, हे लोक सुखात आहेत. आभार मानणं हेसुद्धा जिंकलेल्यांना लावून दिलेलं काम असतं. खाणकामासारखंच, ठरवून दिलेल्या प्रमाणात, दरसाल.

पण आभार मानणारा प्रत्येक माणूस लाचार असतो असं म्हणून मला इथून पुढे जाता येत नाही, कारण वाटेत जोतीराव उभे आहेत.

मालिकेच्या चौथ्या पर्वात, १९९६ साली, बजोरच्या समाजाची एक गोष्ट अचानक पुढे येते. तिथे द’जारा नावाची जन्माने ठरणारी व्यवसायांची उतरंड होती. कलावंताच्या पोटी कलावंत, आणि प्रेतांची व्यवस्था पाहणारे अपवित्र. कार्डेशियनांचा ताबा आल्यावर ही उतरंड मोडली, कारण सगळ्यांनाच लढायचं होतं. मग दोनशे वर्षांपूर्वीचा अकोरेम लान नावाचा कवी काळाच्या फटीतून परत येतो, लोक त्याला देवदूत मानतात, आणि तो सांगतो, आपापल्या द’जाराकडे परत चला. कीराच्या घराण्याचा द’जारा कलावंतांचा. तेव्हा ती श्रद्धेपोटी लष्कर सोडायची तयारी करते आणि मातीचा पक्षी घडवत बसते. तो तिला जमत नाही. लवकरच एका धर्मगुरूच्या हातून खून होतो, मेलेला माणूस हलक्या मानलेल्या द’जारातला असतो, आणि मारणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटत नाही.

हा भाग बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. अमेरिकेत बसून लिहिलेल्या गोष्टीत आपल्या गावच्या वेशीबाहेरची वस्ती दिसत होती. बजोर जिंकला गेला असं म्हणताना कोणता बजोर? ज्याला पूर्वी स्वतःच्याच लोकांनी देवळात घेतलं नव्हतं, त्याच्या दृष्टीने कार्डेशियन हे पहिले जिंकणारे होते की दुसरे?

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न आपल्या घरात विचारला. पेशवाईत ज्यांना रस्त्यावर थुंकायची मुभा नव्हती त्यांच्या मुलांना इंग्रजी अमलात शाळेची दारं निदान ठोठावता आली, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना वाहिली. कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार शिपायांचा स्तंभ आजही लाखो लोकांना तीर्थासारखा आहे, तो का, हेही इथूनच कळतं. जिंकलेले लोक एकजिनसी असतात असं गृहीत धरून लिहिलेली साम्राज्याची प्रत्येक गोष्ट अर्धी आहे, मग ती पृथ्वीवरची असो की अंतराळातली.

आणि तरीही फुल्यांनी दुकातला हवे होते तसले आभार मानले नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर आणि शेतकऱ्याच्या बोकांडी बसवलेल्या करांवर कोरडे ओढलेच. १८८८ साली राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आला तेव्हा त्याच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. भोवती दागदागिन्यांनी मढलेले सरदार बसले होते. हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असं त्यांनी त्या राजपुत्राला सांगितलं. आईला जाऊन सांगा की खरी रयत खेड्यांत आहे आणि ती उपाशी, अडाणी आहे. इंग्रजांमुळे काय मिळालं हे त्यांनी लपवलं नाही, काय येणं आहे हेही सोडलं नाही. हे दोन्ही एका तोंडाने बोलणारा बजोरी मी मालिकेत शोधत राहिले आणि मला तो मिळाला नाही. अकोरेम लानच्या भागात तशी जागा तयार झाली होती. लेखकांनी ती कवीला त्याच्या काळात परत पाठवून मिटवली आणि उतरंड जादूने नाहीशी झाली. माझ्या मते सात पर्वांतली ही त्यांची सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे.

कीराच्या आईची गोष्ट त्यांनी मात्र सोडली नाही. कीरा मेरू, कारण बजोरमध्ये घराण्याचं नाव आधी लावतात. लहानग्या नेरीसला वडिलांनी सांगितलं होतं की आई निर्वासितांच्या छावणीत उपासमारीने गेली. खरं असं होतं की कार्डेशियन अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी छावणीतून बायका उचलल्या जात, त्यात मेरू गेली, आणि दुकातने तिला स्वतःजवळ ठेवलं. बदल्यात नवऱ्याला आणि मुलांना अन्न आणि औषधं मिळू लागली. काळाच्या प्रवासात नेरीस हे डोळ्यांनी बघते. चिडून ती आई आणि दुकात दोघांनाही उडवायला स्फोटक ठेवते. मग वडिलांचा निरोप तिच्या कानी पडतो: मुलं जगली ती तुझ्यामुळे, मेरू. आणि नेरीस त्या दोघांना सावध करते.

दुकात मेरूशी प्रेमाने वागतो. हाच त्या भागातला सगळ्यांत भीषण भाग आहे. तो तिला धमकावत नाही, तिच्या मुलांची चौकशी करतो, आणि ती हळूहळू त्याच्यात चांगुलपणा बघू लागते, कारण दुसरं काही बघून तिला जगता आलं नसतं. पुतळ्याची भूक एका खोलीत, एका बाईवर भागवली जाते. शेवटी सिस्कोशी बोलताना नेरीस आईला माफही करत नाही आणि दोषही देऊन मोकळी होत नाही. ती आई होती, एवढंच म्हणते. मला याहून प्रामाणिक शेवट सुचत नाही.

मालिकेत दुसरंही साम्राज्य आहे, आणि दुकातच्या इच्छेचं टोक तिथे दिसतं. डॉमिनियन. त्याचे मालक फाउंडर्स, आकार बदलणारे जीव. त्यांनी जिंकलेल्यांवर नुसतं राज्य करण्यात वेळ घालवला नाही, त्यांना नव्याने घडवलं. जेम’हडार हे सैनिक प्रयोगशाळेत पैदा होतात, काही दिवसांत वाढतात, खात नाहीत, झोपत नाहीत. त्यांना लागतं ते एक पांढरं द्रव्य, आणि ते वाटणं व्होर्टांच्या हातात असतं. व्होर्टा हे कारभारी. वेयून त्यांच्यातलाच. त्यांच्यात एक दंतकथा आहे: आपण एके काळी झाडांवर राहणारे माकडासारखे प्राणी होतो, एका जखमी फाउंडरला आपल्या पूर्वजांनी लपवून वाचवलं, आणि त्याने आपल्याला साम्राज्याचे कारभारी केलं. म्हणजे यांच्या आभाराला गोष्टसुद्धा पुरवलेली आहे.

एका भागात ओडो वेयूनला विचारतो, फाउंडर्स देव आहेत असं तुला वाटतं ते त्यांनीच तुझ्या जनुकांत घालून ठेवलंय, हे तुझ्या ध्यानात आलंय का? वेयून सहज म्हणतो, अर्थात त्यांनीच घातलं. देव तेच करतात. पूजा करायला कुणी नसेल तर देव होऊन उपयोग काय?

दुकात आपल्या साऱ्या अमदानीत जे मिळवू शकला नाही ते इथे जन्मतःच तयार आहे. आणि असं असूनही, मला वाटतं, फाउंडर्सना ते कधी मिळालेलं नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो मध्ये काय आहे? दुकातला निदान हे कळतं की बजोरचे लोक नकार देऊ शकतात. म्हणून तर त्यांचा होकार त्याला इतका हवा असतो. या एका बाबतीत तो फाउंडर्सपेक्षा जिंकलेल्यांना जास्त माणूस मानतो, आणि त्यामुळेच त्यांचा जास्त छळ करतो.

६ ऑक्टोबर १९९७ ला प्रसारित झालेल्या एका भागात हे दोन धागे शेजारी ठेवलेत. स्थानक पुन्हा शत्रूकडे, म्हणजे कार्डेशिया आणि डॉमिनियनकडे गेलंय, बजोरने अनाक्रमणाचा करार केलाय, आणि कीरा तिथेच थांबून काम करतेय. सकाळी उठते, आवरते, कॉफी घेते, शत्रूचे सैनिक उभे असलेल्या खोलीत जाऊन आपल्या जागेवर बसते. कोणी तिला त्रास देत नाही. यासिम नावाची वृद्ध धर्मगुरू येऊन म्हणते, आपण निषेध करायला हवा. कीरा तिला समजावते की आत्ता गोंधळ नको, शांतता टिकवायला हवी. दुसऱ्या दिवशी भर चौकात यासिम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते की दुष्टाव्याला विरोध केलाच पाहिजे, आणि वरच्या मजल्यावरून गळ्यात फास घालून उडी मारते. पुढच्या सकाळी कीरा उठते तेव्हा आरशातल्या बाईकडे तिला बघवत नाही.

त्याच भागात दुसरीकडे, एका निर्जन ग्रहावर, रेमाटा’क्लान नावाचा जेम’हडार आपल्या माणसांसह मरायला उभा आहे. त्याच्या व्होर्टाने त्यांना विकलंय, हे त्याला माहीत आहे. सिस्को त्याला वाचायची वाट देऊ करतो. तो नाकारतो: हे आयुष्य माझं नव्हतंच, मी ते कसं वाचवू? एक म्हातारी, जिच्याकडे नकाराशिवाय काही उरलेलं नाही. एक तरणा सैनिक, ज्याला नकार कधी दिलाच गेला नाही. हे दोघे एकमेकांना भेटत नाहीत. पटकथेत त्यांचा काही संबंधही नाही. पण माझ्या डोक्यात ते कायम एकत्र येतात.

आणि त्यांच्या मधे कीरा बसलेली असते, कामावर. पणजोबांची ट्रंक तिथे येते. बहुतेक जिंकलेले लोक यासिम नसतात आणि रेमाटा’क्लानही नसतात. ते वेळेवर कामाला जातात. साम्राज्य त्यांच्या वेळेवर येण्यावर उभं असतं. कीराला हे कळलं, ते कळून ती हलली, स्थानकावरच्या दोनचार जणांना घेऊन तिने पुन्हा लढा उभा केला. आपल्याकडेही अशी माणसं निघाली, नोकरीचे राजीनामे देणारी. सगळ्यांना ते परवडलं नाही. परवडलं नाही त्यांच्याबद्दल बोलताना मी आवाज चढवत नाही, पण त्यांच्या वह्या बघायचंही सोडत नाही.

दुकात प्रेक्षकांना आवडायला लागला होता, ही या मालिकेच्या इतिहासातली एक अस्वस्थ करणारी गोष्ट. नट उत्तम, संवाद धारदार, मुलीवर जीव. पटकथा लिहिणाऱ्यांना ते खटकू लागलं, आणि सिस्कोसमोरच्या त्या ताळेबंदाच्या भागात त्यांनी त्याच्या तोंडून अखेर सगळ्या बजोरींना मारून टाकायला हवं होतं असं वदवलं. तोवर कितीतरी जणांनी आपल्या दिवाणखान्यात त्याचा पुतळा बसवलेला होता. खाणीत राबणाऱ्या बजोरीला इतकी चांगली वाक्यं कधी मिळाली नाहीत. मिळाली असती तर तोही आवडला असता.

शेवटच्या पर्वात चाक फिरतं. डॉमिनियनच्या दोस्तीत गेलेलं कार्डेशिया हळूहळू डॉमिनियनच्या टाचेखाली येतं. दुकातच्या जागी आलेला डमार, ज्याने दुकातची मुलगी झियाल हिला मारलं होतं, तो बंड पुकारतो. बंड कसं करतात हे कार्डेशियनांना माहीत नाही. म्हणून त्यांना शिकवायला पाठवलं जातं कीराला. ज्या झियालवर तिने धाकट्या बहिणीसारखी माया केली, तिच्या खुन्याला ती भूमिगत लढ्याचे धडे देते. जिथे कार्डेशियन शिपाई पहारा देतात ती ठाणीही उडवा, असं ती सांगते. रुसोट नावाचा त्यांच्यातला एक अधिकारी खवळतो: आमच्याच लोकांना मारायचं? कीरा सांगते की आम्हालाही आमच्यातल्या मिळालेल्या माणसांवर हत्यार धरावं लागलं होतं.

मग बातमी येते की डॉमिनियनने डमारच्या बायकोला आणि मुलाला मारलं. डमार कोसळतो. कसली माणसं असतील ही, निरपराध बायकामुलांना मारायचे हुकूम देणारी, असं तो म्हणतो. कीरा त्याच्याकडे बघून तोच प्रश्न परत विचारते: खरंच डमार, कसली माणसं असे हुकूम देतात?

नंतर तिला वाटतं, आपण दुःखातल्या माणसाला टोचलं. गॅरक, जो स्वतः कार्डेशियन आहे, तो तिला थांबवतो. डमारने नवं कार्डेशिया उभं करायचं असेल तर त्याने हे ऐकायलाच हवं होतं, असं त्याचं म्हणणं. थोड्याच वेळात रुसोट कीरावर शस्त्र रोखतो, आणि डमार आपल्या जुन्या मित्राला, रुसोटला, गोळी घालतो. तो माझा मित्र होता, तो म्हणतो, पण त्याचं कार्डेशिया मेलंय आणि ते परत येणार नाही.